ब्रेकचा आवाज, चाळीस

सुमनताई उतेकर कुठलंही नवं इंजिन हातात आलं की आधी ते उलटं करून हलकेच हलवायच्या आणि कानाशी धरायच्या. तेव्हा ते बंदच असायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, बाई इंजिनाचं काही गुपित ऐकतायत. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "आत काही सुटं असेल तर खुळखुळतं. बोलायला लावायच्या आधी पोटात काय आहे ते नको बघायला?"

ही इंजिनं वीतभर लांबीची. खऱ्या इंजिनाचे सत्त्याऐंशी भाग केले तर त्यातला एक, एवढंच त्यांचं माप. पुण्याची, नाशिकची, मुंबईची हौशी मंडळी घरात टेबलावर रूळ मांडतात आणि त्यावर गाड्या चालवतात. नुसती धावणारी गाडी त्यांना पुरत नाही. ती खऱ्यासारखी घरघरली पाहिजे, भोंगा दिला पाहिजे, थांबताना ब्रेक करकरला पाहिजे. त्यासाठी इंजिनाच्या पोटात एक सर्किट आणि एक स्पीकर बसवावा लागतो. सर्किट बोटाच्या पेराएवढं, स्पीकर साखरेच्या चौकोनी वडीएवढा. त्या सर्किटाला डीकोडर म्हणतात. हे काम सुमनताई पोलादपूरच्या बाजारपेठेत, वडिलांच्या लाऊडस्पीकरच्या जुन्या दुकानात बसून करायच्या. पार्सलं कुरियरने यायची आणि बोलती होऊन परत जायची.

मी त्या दुकानाच्या मागच्या खोल्यांत नऊ वर्षं भाड्याने राहिलो. नोकरी महाडच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या वजनकाट्यावर. ट्रक भरलेला किती आणि रिकामा किती हे बघणं माझं काम. त्यामुळे सुमनताईंनी माझं नाव काटेवाला ठेवलं होतं. संध्याकाळी बसमधून उतरलो की दुकानातून हाक यायची, "काय रे काटेवाल्या, आज कोणी दगड भरून फसवलं का तुला?"

मी आत जायचो. माझा उपयोग एवढाच की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचे बारीक आकडे मी वाचायचो आणि त्या सांगतील ते टाइप करायचो. त्यांना जवळचा चष्मा लावायचा कंटाळा होता.

डीकोडरच्या आत शेकडो खण असतात असं त्यांनी मला समजावलं होतं. प्रत्येक खणाला क्रमांक आणि प्रत्येक खणात एक आकडा. पहिल्या खणात इंजिनाचा स्वतःचा नंबर, कारण रुळावर चार इंजिनं असली तरी हुकूम ज्याला दिला त्यानेच पाळायला हवा. तिसऱ्यात वेग किती सावकाश घ्यायचा, चौथ्यात किती सावकाश थांबायचं. पुढे आवाजांचे खण. भोंगा वेगळा, मशीनची घरघर वेगळी, ब्रेकची करकर वेगळी. प्रत्येकाचा जोर शून्यापासून एकशे अठ्ठावीसपर्यंत. कारखान्यातून येताना सगळे आवाज काठोकाठ भरून येतात. सुमनताई पहिलं काम करायच्या ते उतरवण्याचं.

"इंजिन केवढं?" त्या विचारायच्या.

"वीतभर."

"खरं इंजिन वीतभर कधी दिसतं?"

"लांब असलं की."

"मग आवाजही लांबूनच आल्यासारखा नको? एवढंसं इंजिन आणि कानाशी आल्यागत ओरडतंय, हे ऐकलं की मला आमच्या गल्लीतल्या पुढाऱ्याची आठवण येते."

ज्या बाईचं लहानपण जत्रा-लग्नांत भोंग्यांच्या शेजारी गेलं, तिने आवाज कमी करण्यात एवढं मन घालावं याची मला गंमत वाटायची. वडील गाडीवर भोंगे बांधायचे आणि ही मशीनपाशी बसायची. तिथेच ती रेडिओ, अॅम्प्लिफायर, पुढे टीव्ही दुरुस्त करायला शिकली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेले सगळे रेडिओ घेऊन आले. दुरुस्त करून परत पाठवले."

इंजिनांचा नाद अपघातानेच लागला. पुण्याचे एक डॉक्टर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने उतरत होते. पोलादपुरात गाडी बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत वेळ होता, आणि त्यांच्या पिशवीत एक इंजिन होतं जे दोन दुकानांत दाखवूनही बोलत नव्हतं. सुमनताईंनी ते उघडलं, मीटर लावला आणि म्हणाल्या, "मोटरीचा एक पाय इंजिनाच्या धातूच्या अंगाला टेकलाय. हे बोलत नाही ते नशीब समजा. थोडं आणखी चालवलं असतं तर सर्किट जळालं असतं." मोटर वेगळी केली, स्पीकरच्या पाठीला प्लास्टिकची बंद डबी चिकटवली, आणि तासाभरात इंजिन काउंटरवर घरघरायला लागलं. डबी कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं. "स्पीकरच्या पुढचा आवाज आणि पाठचा आवाज एकमेकांना खातात. मधे भिंत घातली की दोघं गुमान राहतात. आमच्या घरी दोन भावांत तेच केलं." डॉक्टरांनी घरी जाऊन आपल्या सगळ्या मित्रांना सांगितलं. कार दुरुस्त झाली की नाही हे मला माहीत नाही.

चुकाही व्हायच्या आणि त्या लपवायच्या नाहीत. डीकोडरमध्ये आकडा लिहायचा तर ते इंजिन रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर एकटं ठेवून लिहायचं असतं. एकदा एक गिऱ्हाईक स्वतः चार इंजिनं घेऊन आले होते. चारही मोठ्या रुळावर उभी होती. एक जरा वेडंवाकडं वागत होतं म्हणून त्याला पहिल्यासारखा कोरा करायचा हुकूम ताईंनी तिथेच सोडला. हुकूम चौघांनीही ऐकला. कोऱ्या डीकोडरचा नंबर तीन असतो. चारही इंजिनांचा नंबर तीन झाला. पुढच्या हुकमाला चौघं एकदम निघाली, चौघांनी एकदम भोंगा दिला, आणि एक दुसऱ्याच्या पाठीला जाऊन धडकलं. गिऱ्हाइकाचा चेहरा पांढरा पडला. सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "चौघांचं एकमत झालं बघा. आमच्या ग्रामपंचायतीत हे कधी जमलं नाही." मग दुसऱ्या दिवसापर्यंत बसून चौघांना पुन्हा वेगवेगळं केलं. त्यानंतर त्यांनी लिहायचा रूळ शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर नेला, मोठ्या रुळापासून चार पावलं लांब, म्हणजे हात चुकून जाणार नाही.

आणखी एक नियम होता. आवाज ठरवताना ऐकणाऱ्याने स्क्रीनकडे पाठ करून बसायचं. आकडा मी बघायचा, त्यांनी नाही. "आकडा दिसला की कान खोटं बोलतो," असं त्या म्हणायच्या. मला हे पटायचं नाही, कारण माझ्या कामात आकडाच खरं बोलतो. पण मी बघायचो तर खरंच, त्या पाठमोऱ्या बसून बोट हलवत "वर, वर, खाली, बास" म्हणायच्या, आणि ब्रेकची करकर दर वेळी चाळीसच्या आसपास येऊन थांबायची. कधी अडतीस, कधी एक्केचाळीस. बहुतेक वेळा चाळीस. इंजिन कुठलंही असो.

स्वतःच्या कानांवर त्यांचा फार भरवसा होता आणि तो त्या बोलूनही दाखवायच्या. "माझ्या हातचं इंजिन आवाजाच्या तक्रारीने परत आलं, की त्या दिवशी सोल्डरिंगची पिन भिंतीतून काढली, काम बंद," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. इतक्या वर्षांत ती पिन काढायची वेळ आली नव्हती.

मग गणपतदादा आले.

गणपतदादा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहायचे. जन्म डिझेल इंजिनं चालवण्यात गेला, शेवटची वर्षं कोकणातल्या लायनीवर. निवृत्त होऊन वाडीवर आले. आता त्या लायनीवर विजेची इंजिनं धावतात. मुंबईतल्या मुलाने बापाला त्यांच्या जुन्या डिझेलसारखं एक छोटं इंजिन पाठवलं, सोबत गोल रूळ, आणि सुमनताईंना फोन केला की बाबांना त्यांच्या इंजिनाचा आवाज द्या. सुमनताईंकडे तो होता. डिझेलं धावत होती तेव्हा वीर स्टेशनच्या फलाटावर बसून त्यांनी तो स्वतः टिपला होता.

गणपतदादा आले ते सुनेला घेऊन. सविता नाव. डोक्यावर पाटी, पाटीत घरची वांगी, कडेवर वर्षाचं पोर. सासरे बाकावर बसले आणि हातातली काठी ब्रेकच्या दांड्यासारखी धरून म्हणाले, "चालवा."

इंजिन सुरू झालं. ते थोडा वेळ ऐकत राहिले.

"उभं असताना ते असं सरळ नाय बोलत."

"मग कसं?" सुमनताईंनी विचारलं.

"अडखळतंय. घोडं उभ्या उभ्या पाय बदलतं ना, तसं. दोन ठोकं जोरात, एक हलका."

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत आनंद होता. इतक्या वर्षांत असं बोलणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. टिपलेल्या आवाजातून त्यांनी तो अडखळणारा तुकडा शोधून काढला, बसवला. "हां," गणपतदादा म्हणाले, "आता वळख पटली."

मग ब्रेक. इंजिन थांबलं. सविताने मान तिकडे वळवली.

"करकर कुठाय?" दादा म्हणाले.

मी स्क्रीनकडे बघितलं. चाळीस होते. सुमनताई पाठमोऱ्या होत्या. "वर," त्या म्हणाल्या.

साठ.

"नाय येत."

"वर."

ऐंशी. सविताने पोराचा कान पदराने झाकला. मी म्हटलं, "ताई, जास्त होतंय."

"तू ट्रक वजन कर. आवाजाचं वजन मी करते. वर."

शंभर. दारातलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं. मी दात आवळून धरले होते. कोऱ्या पत्र्यावर खिळा ओढावा तशी ती करकर होती.

"आता जरा आला," दादा म्हणाले.

"मला पण आता कुठे नीट ऐकू येतंय," सुमनताई म्हणाल्या. "बास. बरोबर जमलं."

एकशे दहा.

दोघं समाधानाने एकमेकांकडे बघत होते. बाजारात पलीकडचा चहावाला बाहेर येऊन बघत होता, काय झालं म्हणून. मला तेव्हाच कळलं, आणि सवितालाही कळलं असणार, कारण तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

आठवडा झाला नाही तोच सविता एकटीच आली. इंजिन कापडात गुंडाळलेलं होतं. ती ते काउंटरवर ठेवून उभी राहिली.

"काय गो?" सुमनताई म्हणाल्या.

"ताई, राग नका मानू. मामांना लय आवडलंय. पण ब्रेक लागला की पोर रडतंय. शेळ्या दावी तोडायला बघत्यात. शेजारची म्हातारी म्हणते, कोण किंचाळतंय तुमच्याकडं. मामांना सांगितलं तर म्हणतात, मला तर जेमतेम ऐकू येतंय."

"मग तुझे सासरे बहिरे झालेत."

सविताने इंजिन थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाली, "मग तुमच्या कानांचं काय म्हणू मी, ताई?"

सुमनताईंनी कापड उघडलं, इंजिन उलटं केलं, कानाशी नेलं, हलवलं. मग ते खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"काटेवाल्या, खरं सांग. त्या दिवशी तुला करकर कधीपासून ऐकू येत होती?"

"चाळीसपासून," मी म्हटलं. "चाळीसलाच स्पष्ट येत होती."

"आणि मागच्या महिन्यातली नाशिकवाल्यांची दोन?"

ते मी आधीच मनात काढून बघितलं होतं. "ती पंचावन्न आणि साठवर गेली."

त्यांनी हात लांब केला आणि सोल्डरिंगची पिन भिंतीतून काढली. वायर नीट गुंडाळली. "शब्द म्हणजे शब्द," एवढंच म्हणाल्या. सविता रडवेली झाली. तिला म्हणाल्या, "तू कशाला रडतेस? वांगी छान होती."

पुढचे काही दिवस दुकान उघडं होतं पण टेबल बंद. पार्सलं येऊन रचली जात होती. सुमनताई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि आल्यागेल्याशी नेहमीपेक्षा मोठ्याने बोलायच्या. मी सुचवलं की महाडला कान तपासतात, तिथे जाऊ. वाटलं होतं नाही म्हणतील. लगेच तयार झाल्या. "बिघाड कुठे आहे ते मीटर लावल्याशिवाय कसं कळणार? मशीनलाही लावतो, मग मला का नको?"

तपासणीचा कागद आला तेव्हा त्यांनी माझ्या हातात दिला. आलेखाची रेघ डाव्या बाजूला सरळ होती, मग उजवीकडे खाली कोसळली होती. डावीकडे खालचे आवाज, उजवीकडे वरचे, बारीक. मी समजावून सांगितलं. महाडहून परतीच्या बसमध्ये त्या बराच वेळ ती रेघ बघत होत्या.

"हा तर आंबेनळीचा उतार आहे," म्हणाल्या.

"हो. पण अर्धा रस्ता सपाट आहे."

"तेच म्हणते मी. घरघर, अडखळणं, भोंगा, हे सगळं सपाटीवरचं. ते माझं आहे. उतारावरची करकर आणि शीळ तेवढी गेली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "भोंग्यांच्या शेजारी बसून कमावलं, भोंग्यांनी थोडं परत घेतलं. हिशोब वाईट नाही."

डॉक्टरांनी कानाचं यंत्र सुचवलं होतं. ते त्यांनी घेतलं, दोन दिवस लावलं, मग उघडून आत काय आहे ते बघितलं आणि परत बंद करून ठेवलं. "बोलणं ऐकायला ठीक आहे. पण सगळ्या आवाजांना एकसारखं रंगवतंय. यावर काम नाही करता येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा पिन भिंतीत होती. मी थबकलो. त्या म्हणाल्या, "काय बघतोस? पिन काढली होती. परत लावणार नाही असं कुठे म्हटलं होतं?"

शेजारी सविता बसली होती, स्क्रीनकडे पाठ करून. पोर पायाशी खेळत होतं.

ते कसं घडलं हे मला नंतर कळलं. सुमनताईंनी गणपतदादांच्या हाती निरोप धाडला होता, सुनेला पाठवा. ती घाबरत आली. ताईंनी तिला विचारलं, वाडीवर शेळ्या किती. तिने सांगितलं. अंधार पडताना डोंगरातून उतरतात तेव्हा मोजतेस कशा? ती म्हणाली, मोजत नाय, घुंगरू ऐकते, कोण मागं राहिली ते कळतंय. "मग ये," ताई म्हणाल्या. "इथे येणारे सगळे माझी स्तुती करतात. परत आणून ठेवायची हिंमत तुझ्याशिवाय कोणी केली नाही. वरचे आवाज तुझे. खालचे माझे. पगार ठरवून घे, आणि लाजू नको."

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस सविता शेळ्या जावेवर सोपवून खाली यायची. दोघींचं पटायचं आणि भांडणंही व्हायची. "ताई, ही शीळ लय बोचते." "बोचायलाच हवी, ते टर्बोचं इंजिन आहे." "बोचू दे, पण एवढी?" "बरं, कर कमी. तू आणि तुझ्या शेळ्या मिळून माझं दुकान चालवणार."

राहिलं गणपतदादांचं इंजिन. करकर चाळीसवर आणली की ती त्यांना ऐकू यायची नाही, आणि त्यांच्यासाठीच तर ते सगळं होतं. सुमनताईंनी त्यांना बोलावलं आणि खरं तेच सांगितलं. "दादा, तुमचे आणि माझे कान एका गाडीचे डबे आहेत. ती करकर आपल्याला आता येणार नाही. काय करू सांगा."

दादा थोडं हसले. "ताई, ब्रेक कानानं थोडाच कळतो? तो पाठीत कळतो. मागनं गाडी अंगावर येते."

सुमनताईंनी हे ऐकलं आणि उठून उभ्या राहिल्या. चौथा खण. थांबायला लागणारा वेळ त्यांनी खूप वाढवला, म्हणजे इंजिन हळूहळू, जड गाडी ओढत असल्यागत थांबायला लागलं. ब्रेक लागताना मशीनचा खालचा दणका येतो तो थोडा वर घेतला. रुळाची फळी उचलून तिच्याखालचा रबरी तळ काढून टाकला, म्हणजे थरथर लाकडात उतरेल. मग दादांना म्हणाल्या, "तळहात फळीवर ठेवा. डोळे मिटा."

इंजिन चक्कर मारून आलं, मंदावलं, थांबलं. दादांचा हात फळीवर होता आणि दुसरा, काठी धरलेला, हळूच मागे आला. डोळे मिटलेलेच होते.

"लागला का?" ताईंनी विचारलं.

"लागला," ते म्हणाले. "वीरच्या आधी लागतो तसा लागला."

पुढे माझी बदली खोपोलीला झाली. सुमनताईंशी फोनवर बोलणं कठीण, कारण त्या बोलतात आणि ऐकत नाहीत. तशा आधीही ऐकत नव्हत्या. सविताकडूनच खबर कळते.

गेल्या शिमग्याला पोलादपूरला गेलो तेव्हा दुपार होती. दुकानाचं दार उघडं. आतल्या लाकडी चौथऱ्यावर सुमनताई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, तळहात त्यावरच टेकलेल्या रुळाच्या फळीवर पालथा, डोळे मिटलेले. पलीकडे सविता, तीही स्क्रीनला पाठ देऊन. इंजिन फळीवरून सरकत आलं, थांबायला लागलं. ताई कळ दाबत होत्या.

"वर," सविता म्हणाली. "अजून. थोडी खाली. अं... बास."

मी हाक मारली नाही. एक पाऊल चौथऱ्यावर ठेवलं.

"काटेवाल्या," सुमनताई डोळे न उघडता म्हणाल्या, "जाडा झालास. फळी वाकली. आलाच आहेस तर आकडा वाच."

मी स्क्रीनकडे बघितलं. सविताची पाठ त्याच्याकडे होती, आणि ताईंचे तर डोळेच मिटलेले होते.

"चाळीस," मी म्हटलं.

सुमनताईंनी मान हलवली, जणू काट्यावरचा ट्रक बरोबर उतरला, आणि पुढच्या इंजिनासाठी हात लांब केला. ते उलटं केलं, हलवलं, आणि मग कानाशी न नेता सविताच्या कानाशी धरलं.